घरी पहिल्यांदा चिकन करताय? दुकानापासून उरलेल्या बिर्याणीपर्यंत काय सांभाळायचं (ठाणे-नवी मुंबईत नवीन आलेल्यांसाठी)

घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, कळवा इकडे नोकरीसाठी नवीन आलेली मुलंमुली पहिले दोन-तीन महिने मेस आणि पार्सलवर काढतात, मग पोट आणि पाकीट दोन्ही बोंबलायला लागलं की एक शेगडी, एक कुकर, दोन पातेली येतात आणि पुढच्या रविवारी चिकन आणायचं ठरतं. मस्त. मसाला कुठला, वाटण कसं, हे आईला फोन करून कळतंच. पण कच्चं चिकन हाताळायचं कसं हे आई फोनवर सांगत नाही, कारण तिच्या हाताला ते सवयीचं झालेलं असतं, आणि खरं सांगायचं तर एका बाबतीत आपल्या सगळ्यांच्या आयांची पद्धत चुकीचीच आहे (रागवू नका, पुढे येतंय). मी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघतो, चिकनचे सॅम्पल रोजच्या कामातले, त्यामुळे लोक कुठे घोळ घालतात ते बऱ्यापैकी माहिती झालंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे चिकन कच्चं राहत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या नाहीतर पातेल्यात अर्धा-पाऊण तास रटरट, त्यात काय जगणार? घरच्या चिकनचा त्रास होतो तो रश्श्यातून नाही, शेजारच्या ताटलीतल्या कांदा-काकडीतून होतो, नाहीतर रात्रभर ओट्यावर राहिलेल्या बिर्याणीतून. म्हणून काळजी गॅसवर थोडी कमी चालेल, ओट्यावर आणि फ्रीजमध्ये जास्त लागते.

भानगड नेमकी कुणाची

साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर, ही दोन नावं लक्षात ठेवा. दोघंही कोंबडीच्या आतड्यात असतात आणि कोंबडीला सहसा काहीच होत नाही, ती टणटणीत असते, त्यामुळे दुकानदाराने "एकदम तगडी आहे साहेब" म्हणून पिंजऱ्यातून काढून दाखवली तरी त्यावरून काही कळत नाही. कापल्यावर कुठे गरम पाण्याच्या टपात बुडवून मशीनमध्ये पिसं काढतात, कुठे पिसांसकट कातडीच सोलतात, मग आतडी निघतात, आणि या सगळ्यात आतड्यातलं थोडंफार मांसाला, सत्तूरला, हाताला लागतंच. तेव्हा "आमच्याकडे डोळ्यासमोर कापून देतात" याचा अर्थ बॅक्टेरिया नाहीत असा होत नाही, त्यांना वाढायला वेळ कमी मिळाला एवढाच होतो. तोही फायदा मोठा आहे म्हणा.

वासावरून कळतं का? नाही. साल्मोनेलाची टेस्ट २५ ग्रॅम मांसावर करतात आणि उत्तर फक्त "आहे" किंवा "नाही" असं येतं. दोन-तीन दिवसांचे सोपस्कार झाले की बॅक्टेरिया वाढवायच्या एक्सएलडी नावाच्या लाल जेलीच्या प्लेटवर गुलाबी ठिपके उगवतात, प्रत्येकाच्या मधोमध काळा डोळा, ते दिसलं की समजायचं पुढच्या कन्फर्मेशनच्या टेस्ट लावायच्यात. आणि ज्या पाकिटातून ते आलं ते चिकन दिसायला गुलाबी, घट्ट, वास काही नाही. ज्याने चिकन चिकट होतं, आंबूस वास येतो ते वेगळे बॅक्टेरिया, सडवणारे. वास आला तर फेकाच, पण वास नाही म्हणजे सेफ असं समजू नका.

आता या दोघांत एक फरक आहे आणि तो समजला की पुढचे सगळे नियम पाठ करायची गरज नाही. कॅम्पिलोबॅक्टरला कोंबडीच्या अंगाइतकी ऊब लागते, ४२ अंशांच्या आसपास, ३० च्या खाली तो वाढतच नाही, म्हणजे ओट्यावर तो काही लाखांनी वाढणार नाही, पण माणसाला आजारी पाडायला त्याला लाखांची गरजच नसते, काहीशे पुरतात. चिकनच्या पाण्याचे दोन-चार थेंब काकडीवर उडाले तरी काम झालं. साल्मोनेला उलटा, त्याला आपल्या किचनची गरमी मस्त मानवते, सगळं जुळून आलं तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात, या हिशोबाने चार तासांत एकाचे चार हजारांच्या वर. म्हणून एकाला पसरू द्यायचं नाही आणि दुसऱ्याला वाढू द्यायचं नाही. शिजवल्यानंतर उपटणारी एक तिसरी गँग आहे, ती बिर्याणीच्या वेळी बघू.

दुकान

रविवारी ११ वाजता जाऊ नका. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपले ठरलेले वार, त्यात गटारी असली तर विचारूच नका, लाईन रस्त्यापर्यंत असते आणि दुकानदाराला ओंडका धुवायला, पाणी बदलायला वेळच मिळत नाही. सकाळी ८ च्या सुमारास गेलात तर दुकान नुकतंच धुतलेलं असतं, माल नवा असतो, आणि भाईचा मूडही बरा असतो, दोन गोष्टी सांगितल्या तर ऐकतो.

काय बघायचं? दुकानात वाहतं पाणी आहे का, की एकाच बादलीत सगळं बुचकळून काढतायत. लाकडी ओंडक्याला खोल चिरा पडून त्यात काळपट काही साठलंय का. कापलेले पीस बाहेर उघड्यावर हुकला लटकतायत का, एप्रिल-मे मध्ये तर असं दुकान दिसलं की पुढे निघायचं. भिंतीवर एफएसएसएआयचं (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन लावलेलं असतं, १४ आकडी नंबर असतो, तो असला म्हणजे दुकान चकाचक असेल अशी गॅरंटी नाही, पण तोही नसेल तर मी तरी घेत नाही.

आधीच कापून ठेवलेले पीस घेण्यापेक्षा कोंबडी समोर कापून घ्या, आणि "भाई, सत्तूर आणि ओंडका एकदा पाणी मारून घ्या ना" एवढं म्हणायला लाजू नका. "आत्ताच धुतलाय" असं उत्तर येणार, तरी तो परत पाणी मारतो. कलेजी-पेटा वेगळ्या पिशवीत मागा.

पिशवीवरून आठवलं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी चिकनच्या दुकानात ती पातळ काळी पिशवी मिळतेच आणि ती हमखास गळते, हाडाच्या टोकाने भोक पडतं, आणि ते लालसर पाणी तुमच्या भाजीच्या पिशवीत जातं. घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या. भाजी, किराणा आधी घ्या आणि चिकन सगळ्यात शेवटी, मग थेट घर. कच्चं चिकन फ्रीजबाहेर एकूण दोन तासांच्या वर राहता कामा नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल (म्हणजे आपल्याकडे मार्च ते जून दुपारी, आणि ऑक्टोबरमध्येही) तर एकच तास धरा. पनवेलच्या मित्राकडून गावठी कोंबडी कापून घेऊन ट्रेनने ठाण्यापर्यंत येणार असाल तर बर्फ आणि थर्माकोलचा बॉक्स पाहिजे.

ॲपवरून मागवत असाल तर पाकीट हातात आल्याबरोबर गार आहे का ते बघा, कोमट लागलं किंवा पाकीट फुगलेलं असलं तर तिथल्या तिथे परत. पॅकिंगची आणि एक्स्पायरीची तारीख वाचा. चिल्ड माल शून्य ते चार अंशांत ठेवतात, फ्रोझन उणे १८ ला. फ्रोझन म्हणजे बॅक्टेरिया मेले असं नाही, ते फक्त थांबलेले असतात, वितळलं की पुन्हा चालू.

ओटा: इथे सावकाश वाचा

घरी आल्यावर आपण पहिलं काय करतो? चिकन सिंकमध्ये टाकतो, नळ फुल सोडतो आणि चार पाण्याने खळखळून धुतो. हीच ती आईची पद्धत. पाण्याने बॅक्टेरिया मरत नाहीत, मांसाला चिकटलेले निघतही नाहीत नीट, पण जे निघतात ते शिंतोड्यांबरोबर अर्धा मीटरच्याही पुढे उडतात, म्हणजे आपल्या टू-बीएचकेच्या चिंचोळ्या किचनमध्ये सिंकच्या बाजूला पालथी घातलेली भांडी, कोथिंबीर, पाण्याचा माठ, सगळं त्या टप्प्यात आलं. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये "कच्चं चिकन धुऊ नका" अशी मोहीमच काढली होती, मुख्यतः कॅम्पिलोबॅक्टरसाठी.

आता मला माहितीये, न धुता चिकन पातेल्यात टाकायचं म्हटलं की निम्म्या लोकांना कसंतरी होतं, आणि दुकानातल्या मालाला पिसं, हाडाचा चुरा, रक्ताच्या गाठी लागलेल्या असतातच, ते काय तसंच खायचं का. नाही. पॅकबंद असेल तर धुवायची अजिबात गरज नाही. दुकानातलं असेल तर घाण हाताने वेचून काढा, टिश्यूने पुसून घ्या, टिश्यू लगेच कचऱ्यात. एवढ्यावर मन मानत नसेलच तर खोल पातेल्यात आधी पाणी भरा, चिकन अलगद त्यात सोडा, पाण्याच्या आतच हाताने हलवा, आणि पाणी सिंकच्या जाळीजवळ हळू ओता. वरून नळ सोडायचा नाही. सिंकमध्ये आणि शेजारी एकही भांडं नको. त्यानंतर सिंक साबणाने घासायचं आणि मग ब्लीचचं पाणी, ४ लिटर पाण्यात साधारण एक टेबलस्पून, फिरवून थोडा वेळ ठेवून धुवायचं. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस होतो.

मीठ, हळद, लिंबू, व्हिनेगर लावून ठेवल्याने "सगळं मरतं" हेही डोक्यातून काढा. चव येते, वास जातो, मांस मऊ होतं. बॅक्टेरियांचा भरवशाचा बंदोबस्त होत नाही.

कामाचा क्रम उलटा करा, यानेच निम्मा प्रश्न सुटतो. कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, लिंबू जे काय कच्चं खायचंय ते आधी कापून, झाकून, ओट्यापासून लांब ठेवायचं, शक्यतो दुसऱ्या खोलीत. वाटण आधी करून ठेवायचं. मीठ, हळद, तिखट, आगरी मसाला जे लागणार ते आधीच एका वाटीत काढून घ्यायचं, कारण एकदा हात चिकनमध्ये गेला की त्याच हाताने मसाल्याचा डबा उघडला जातो, तोच चमचा परत आत जातो, आणि तो डबा मग महिनाभर वापरात. चिकन सगळ्यात शेवटी काढायचं आणि ते पातेल्यात गेलं की हात साबणाने २० सेकंद चोळून धुवायचे, बोटांच्या मध्ये, नखांखाली.

आणि मोबाईल! रेसिपी बघत करत असाल तर व्हिडिओ आधी बघून घ्या नाहीतर फोन लांब उभा करून ठेवा. चिकनच्या बोटाने स्क्रीन पुढे सरकवायची आणि नंतर जेवताना तोच फोन हातात, मग हात धुतल्याचा काय उपयोग.

कँटीनच्या किचनचे स्वॅब घेतो तेव्हा एक गंमत दिसते, सुरी आणि बोर्ड बऱ्याचदा स्वच्छ निघतात कारण ते धुतलेच जातात, नळाची चावी आणि फ्रीजचं हँडल मात्र कुणी धूत नाही. घरीही तेच. चिकनचा हात नळाला लागतो, मग हात धुतो, मग त्याच नळाला धुतलेला हात लावून बंद करतो. नळ कोपराने उघडा, किंवा हाताबरोबर नळाच्या चावीलाही साबण फासा, झालं काम.

बोर्ड आणि सुरी शक्यतो चिकनची वेगळीच ठेवा, लाल रंगाचा प्लास्टिकचा बोर्ड घेतला की रूममेटला पण सांगावं लागत नाही. एकच असेल तर भाजी आधी, चिकन नंतर, उलटं कधीच नाही. घासणी आणि फडकं यांचं तर काय सांगू, चार बॅचलरच्या फ्लॅटमध्ये एकच फडकं असतं, त्यानेच ओटा, त्यानेच हात, त्यानेच ताटं पुसतात. चिकनच्या दिवशी ओटा टिश्यूने पुसा. चिकनची भांडी घासलेली घासणी चहाच्या कपांना वापरू नका, गरम पाण्यात पाच मिनिटं उकळा किंवा सरळ बदला, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

फ्रीज

मॅरिनेट केलेलं चिकन ओट्यावर झाकून ठेवायचं नाही, अर्धा तास ठेवायचं असलं तरी फ्रीजमध्येच. सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, म्हणजे पाणी गळलंच तर खाली दुसरं काही नसतं. वरती दही, फळं, उरलेली पोळी.

भाड्याच्या किंवा सेकंडहँड फ्रीजचा एक प्रॉब्लेम असतो, दाराचं रबर सैल झालेलं असतं आणि आत ९-१० अंश असतात, थंड लागतं हाताला पण पुरेसं नसतं. आत चार अंशांपर्यंत पाहिजे. फ्रीजमध्ये ठेवायचा थर्मामीटर दोन-तीनशेत मिळतो, चौघांनी काँट्रीब्यूशन काढा. तो नसेल तर दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटली तर रबर गेलंय, मालकाला सांगा.

कच्चं चिकन फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, बस. त्यापुढे खायचं असेल तर आणलेल्या दिवशीच एकेका वेळेचे पीस वेगळे करून फ्रीझरमध्ये टाका. वितळवताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. घाई असेल तर पाकीट घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. मायक्रोवेव्हला डिफ्रॉस्ट केलंत तर लगेच शिजवायचं. सकाळी ऑफिसला जाताना ओट्यावर काढून ठेवायचं आणि संध्याकाळी येऊन करायचं हे नको, आतून बर्फ असतो आणि बाहेरचा भाग दुपारभर गरम.

लाईट गेली तर दार उघडून बघत बसू नका. न उघडलेला फ्रीज चारेक तास गार राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. पावसाळ्यात याहून जास्त वेळ लाईट गेलेली असेल तर फ्रीजमधलं चिकन द्या टाकून, फ्रीझरमधलं अजून बर्फासारखं कडक असेल तर चालेल.

शिजवणं

इथे जास्त वेळ घालवत नाही. जाड पीसच्या मधोमध ७४ अंश झाले की खेळ खलास, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, सगळे गेले. उकळत्या रश्श्यात १०० च्या आसपास असतं, कुकरमध्ये पूर्ण प्रेशरला १२० पर्यंत जातं, त्यामुळे रस्सा, सुकं, कोंबडी-वड्यातली कोंबडी याची चिंता नको. चिंता एअर फ्रायर, तंदूर, कोळशावरचं बार्बेक्यू आणि कच्च्या मांसाची दम बिर्याणी यांची, कारण तिथे बाहेरून भाजतं आणि हाडाजवळ कच्चं राहतं, त्यात पीस नीट वितळलेले नसले तर नक्कीच. हे प्रकार करायचे असतील तर प्रोब थर्मामीटर घ्या, लेग पीसमध्ये हाडाला न टेकवता जाड भागात खुपसा.

रंगावर जाऊ नका. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांची असते, हाडं कोवळी, मग मज्जेतला रंग बाहेर झिरपतो आणि हाडाच्या कडेला काळपट-लाल दिसतं, पूर्ण शिजलं तरी, फ्रोझनमध्ये जास्तच. उलट कधी कधी पांढरं दिसतं आणि ७४ झालेले नसतात. कलेजी मात्र मुद्दाम सांगतो, "आतून थोडी गुलाबी ठेव, मऊ लागते" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कॅम्पिलोबॅक्टर कलेजीच्या आतपर्यंत असू शकतो.

बर्ड फ्लूचं विचाराल म्हणून. २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यात चिरनेरला निघाला होता आणि नवी मुंबईत लोकांनी चिकन बंद केलं होतं. तो व्हायरस आहे, बॅक्टेरिया नाही, पण ७० अंशांच्या वर तोही टिकत नाही, नीट शिजवलेल्या चिकनने होत नाही. अँटिबायोटिकचंही तसंच, फार्मवरच्या वापरामुळे औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया तयार होतात हा खरा आणि मोठा प्रश्न आहे, कोलिस्टिन नावाचं औषध जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला जुलै २०१९ मध्ये सरकारने बंदी घातली ती त्यामुळेच, पण असला बॅक्टेरियासुद्धा उष्णतेने इतरांसारखाच मरतो. प्रश्न तो पोटात गेल्यावर येतो, औषध लागू पडत नाही तेव्हा.

उरलेलं: दुसरा मोठा घोळ

तिसरी गँग ही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरिअस हे बॅक्टेरिया स्पोअर करतात, म्हणजे कवच घेऊन बसतात आणि उकळण्यातूनही वाचतात, पहिला मांस-रश्श्यात, दुसरा भातात. पातेलं कोमट झालं की हे जागे होतात, आणि तिथे आता त्यांच्याशी स्पर्धा करायला दुसरं कुणी नसतं. मोठ्या पातेल्यातला दाट रस्सा किंवा टोपभर बिर्याणी मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते, ५ ते ६० अंशांमधला जो पट्टा आहे ना, त्यातच रात्र काढते. सकाळी "उकळून घेतलं की झालं" असं नाही, बॅसिलस सेरिअसचं उलटीवालं विष आणि हाताच्या जखमेतून, नाकातून येणाऱ्या स्टॅफिलोकोकस या बॅक्टेरियाचं विष उकळून जात नाही.

म्हणून जेवणं झाली की गप्पा मारत बसायच्या आधी उरलेलं छोट्या, पसरट डब्यांत काढा, वाफ गेली की फ्रीजमध्ये, जेवण तयार झाल्यापासून दोन तासांच्या आत. "गरम फ्रीजमध्ये ठेवू नये" हे जुनं झालं, उकळतं पातेलं ठेवू नका एवढंच, कोमट डबा चालतो. तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना जेवढं खायचं तेवढंच काढा आणि बुडबुडे येईपर्यंत गरम करा, परत परत गरम-गार नको.

ऑफिसचा डबा: सकाळी ८ ला भरलेला डबा ऐरोलीच्या ऑफिसात दीडला उघडतो, साडेपाच तास कोमट, हा सगळ्यात वाईट प्रकार. एकतर रात्रीच डबा फ्रीजमध्ये गार करा, सकाळी गारच न्या, पोचल्यावर लगेच पँट्रीच्या फ्रीजमध्ये आणि दुपारी मायक्रोवेव्ह. नाहीतर थर्मास टाईप डबा घ्या, आधी त्यात उकळतं पाणी घालून तापवा, मग वाफाळतं चिकन भरा, दुपारी उघडल्यावरही चटका बसला पाहिजे.

बाहेरचं

शोरमा हा प्रकार मी स्वतः बघून-निवडूनच खातो. मांसाचा मोठा दांडा, बाहेरून भाजत जातो आणि कापत जातात, गर्दी झाली की न भाजलेला थर पण कापून देतात, गर्दी नसली की गॅस बारीक करून ठेवतात, त्यात कच्च्या अंड्याचं मेयोनीज. केरळमध्ये कासरगोड जिल्ह्यात मे २०२२ मध्ये शोरमा खाऊन एका विद्यार्थिनीचा जीव गेला, तिथल्या नमुन्यांत साल्मोनेला आणि शिगेला सापडले. वाशीच्या खाडीपलीकडे मानखुर्दला मे २०२४ मध्ये १९ वर्षांचा मुलगा गेला, स्टॉलवरचा शोरमाच. कापल्यावर ते पीस तव्यावर परत परततात का ते बघा, परतत असतील तर त्यातल्या त्यात बरं, आणि दांडा उन्हात बंद पडलेला दिसला तर निघा.

पोट बिघडलंच तर

दोष काल खाल्लेल्यावरच टाकू नका. खाल्ल्यावर तासाभरात ते सहा तासांत उलट्या म्हणजे बहुधा तयार विष, बिर्याणीकडे बघा. ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब, ताप नाही, तर परफ्रिंजेन्स. साल्मोनेला ६ तासांपासून ते सहा दिवसांपर्यंत कधीही, कॅम्पिलोबॅक्टर साधारण दोन ते पाच दिवसांनी, म्हणजे रविवारचं चिकन बुधवारी किंवा गुरुवारी झोपवतं आणि तुम्ही बुधवारच्या वडापावला शिव्या घालता.

ओआरएस घोट घोट घेत राहा. १०२ च्या वर ताप, शौचात रक्त, तीन दिवसांत थांबत नाही, लघवी कमी झाली, पाणीही टिकत नाही, यातलं काहीही झालं की डॉक्टर, आणि लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणूस असेल तर एवढी वाटही बघू नका. मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका, ताप किंवा रक्त असेल तर मुळीच नाही. जुलाब बरे झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी पायात मुंग्या, जिना चढताना पाय उचलत नाहीत असं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, तो जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) असू शकतो, कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित होतो. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे पेशंट अचानक वाढले तेव्हा काही जणांच्या तपासणीत हाच बॅक्टेरिया सापडला होता, तिथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता.

दुकान किंवा हॉटेलची तक्रार करायची असेल तर एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट ॲप आहे, नाहीतर राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) लेखी द्या, त्यांचं ठाण्यात ऑफिस आहे. बिल, तारीख, वेळ, पाकिटाचा फोटो, डॉक्टरची चिठ्ठी, सोबत कोण कोण आजारी पडलं, हे सगळं जोडा. उरलेलं अन्न असेल तर फेकू नका, डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि झाकणावर मार्करने मोठं "खाऊ नका" लिहा, नाहीतर नाईट शिफ्टवरून आलेला रूममेट तेच गरम करून खाणार.